पाती उलटी फिरली

टिलरचं इंजिन बसलं ते नेमकं मिरचीची रोपं लावणीला आल्यावर. आबा हँडल धरून लिंबाच्या दोन ओळींमधून चालले होते. मधेच काळ्या धुराचा लोट निघाला, आत कुठेतरी लोखंडावर लोखंड आपटलं आणि मशीन जागच्या जागी थांबलं. आबांचे हात मात्र थांबायला तयार नव्हते. हल्ली हे असंच व्हायचं. उभा जन्म ते थरथरणारं हँडल धरून चालल्यावर त्याची थरथर हातांत कायमची उतरली होती. पाण्याचा पेला ओठांशी न्यायचा तरी त्यांना दोन्ही हात लागायचे.

दादा बांधावरून धावत आला. दादा म्हणजे आबांचा एकुलता एक मुलगा. धाकट्या बहिणीनं त्याला दादा म्हणायला सुरुवात केली आणि पुढे त्याच्याहून वडीलधारी माणसंसुद्धा दादाच म्हणू लागली. फक्त आबा म्हणत नसत. आबांनी त्याच्यासाठी वेगळी नावं राखून ठेवली होती.

"तेल बघितलं होतंस का सकाळी?" आबा ओरडले.

"बघितलं होतं."

"काय डोंबल बघितलंस? बघितलं असतंस तर बसलं असतं का इंजिन? गाढवा, मशीन आहे ते. तुझ्यासारखं ढिम्म नाही, त्याला वेळच्या वेळी खायला लागतं."

दादानं तेल खरंच बघितलं होतं. इंजिन आतून ठोकतंय, उघडून बघू या, असंही त्यानं मागेच सांगितलं होतं. तेव्हा आबांनी त्याला वेड्यात काढलं होतं. पण हे आत्ता बोलून दाखवणं म्हणजे आणखी चार शिव्यांना आमंत्रण, म्हणून तो गप्प राहिला. दोघांनी मिळून मशीन ढकलत शेडपर्यंत आणलं. ढकलताना आबांना दम लागला, तेही दादाच्याच खात्यावर गेलं.

घरामागच्या सावलीत दादाच्या बायकोनं वाफ्यात रोपं वाढवली होती. बी टाकण्यापासून सगळं तिचं एकटीचं. उन्हात फडकी बांधायची, संध्याकाळी सोडायची, झारीनं पाणी घालायचं. रोपं वीतभर झाली होती. आता ती वाफ्यात राहिली तर नुसतीच उंच वाढून लुळी पडणार होती. लिंबाच्या ओळींमध्ये मोठा ट्रॅक्टर घुसत नाही, फांद्या मोडतात. आणि कुदळीनं एवढी जमीन कोण खणणार?

जेवताना दादानं मनातली गोष्ट काढली. "आबा, टिलरचं इंजिन गेलंय, पण मागचा रोटर ठणठणीत आहे. पाती आहेत, गिअरबॉक्स आहे. तो सोडवून आपल्या छोट्या ट्रॅक्टरला मागे जोडला तर?"

छोटा ट्रॅक्टर त्यांच्याकडे होता, ट्रॉली ओढण्यापुरता. त्याला मागे तीन जागी अवजार अडकवायची सोय होती. खाली दोन हात, वर मधोमध एक दांडा, ज्याला टॉप लिंक म्हणतात. आणि इंजिनाची ताकद अवजाराला देणारा फिरता दांडा, पीटीओ. सगळं होतं, पण कधी वापरलं नव्हतं.

"एकाचं मुंडकं दुसऱ्याच्या धडावर?" आबांनी घास तसाच ठेवला. "खेळणं वाटलं का तुला? गप जेव."

दादा गप जेवला.

त्याच आठवड्यात बेबी नवऱ्याला घेऊन आली. बेबी म्हणजे दादाची बहीण. पस्तिशी उलटली तरी माहेरी बेबीच. नवरा पंपांच्या कारखान्यात फिटर होता आणि कारखान्याला नुकतंच टाळं लागलं होतं. हे तिनं आल्या आल्या सांगितलं नाही, पण दोघांच्या बॅगा पाहुण्यांच्या मानानं जड होत्या. दाजी मोठे बोलके आणि हसतमुख. कानामागे पेन्सिल, खिशात चकचकीत टेप, आणि तोंडानं सदा शीळ. दादाला त्या शिळेचा मनापासून कंटाळा होता.

दाजींनी शेडमध्ये चक्कर मारली, रोटरला दोन टिचक्या मारल्या आणि आबांना म्हणाले, "अहो, हा तर चांगला आहे की. तो तुमचा छोटा ट्रॅक्टर आहे ना? त्याला मागे तीन पॉइंटवर बसवून टाकू. एक सांगाडा करावा लागेल, बस्स."

आबांचे डोळे एकदम उजळले. "वा! बघा, याला म्हणतात डोकं! इथे इतके दिवस सगळे हातावर हात ठेवून बसलेत, कुणाला सुचलं नाही."

दादा तिथेच चाक धूत उभा होता. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं बायकोकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली आणि झारी उचलून निघून गेली. ती काय बोलणार? सासऱ्यांना आठवण करून द्यायची तिची हिंमत नव्हती आणि दादाची तर नव्हतीच.

"दादा, तू दे ना यांच्या हाताखाली," बेबी उत्साहानं म्हणाली. "दोघं मिळून कराल तर पटकन होईल."

हाताखाली! ज्या शेडमध्ये त्याचे हात कोपरापर्यंत काळे झाले, तिथे आता त्यानं पाहुण्याच्या हाताखाली काम करायचं. बेबीच्या मनात काही नव्हतं, पण शब्द लागायचा तो लागलाच.

काम सुरू झालं. दाजी मापं घ्यायचे, दादा टेपचं दुसरं टोक धरायचा. दाजी खडूनं खुणा करायचे, दादा लोखंड कापायचा. खालच्या दोन हातांत अंतर किती, पिन किती जाडीची, रोटर उचलल्यावर त्याला पीटीओशी जोडणारा शाफ्ट कुठे अडतो, हे दाजी बारकाईनं बघत. त्यांच्या कामात खोट काढायला जागा नव्हती आणि हेच दादाला सोसवत नव्हतं. तो खोट शोधत होता. कापलेला अँगल गुण्यात, म्हणजे बरोबर काटकोनात, आहे का हे तो दाजींची पाठ वळली की हळूच तपासायचा, आणि गुण्यात निघाला की त्याचं तोंड कडू व्हायचं.

आबा खुर्ची टाकून समोर बसत. दादानं एका पट्टीत भोक जरा बाजूला पाडलं तर म्हणाले, "डोळे घरी ठेवून आलास का? दे ते इकडे, जावईबापूंना करू दे." आणि दाजींच्या हातून ग्राइंडरचं पान फुटून पार आबांच्या पायापाशी आलं, तेव्हा म्हणाले, "तुम्हाला लागलं नाही ना कुठे?"

तुम्हाला लागलं नाही ना! दादानं ते वाक्य दिवसभर मनात घोळवलं. त्याचं बोट एकदा मशीनच्या पट्ट्यात सापडलं होतं, नख उपटलं होतं, तेव्हा आबा आधी पट्टा बघायला धावले होते.

पण खरं लागलं ते संध्याकाळी. तो नळावर हात धूत होता आणि ओट्यावर आबांचं दाजींशी चाललेलं बोलणं भिंतीआडून ऐकू येत होतं.

"जावईबापू, मी काय म्हणतो, इथेच का राहत नाही तुम्ही दोघं? कारखान्याचं काय घेऊन बसलात. हे रोटरचं काम जमलं तर आजूबाजूचे सगळे बागवाले बोलावतील. माझे हात तर आता गेले. शेड कुणाच्या तरी ताब्यात द्यायलाच हवं."

"दादा आहेत की," दाजी म्हणाले.

"तो?" आबा एवढंच म्हणाले. पुढे काहीच नाही.

दादानं नळ बंद केला नाही. साबण कधीच धुऊन गेला होता तरी तो पाण्याखाली हात धरून उभा राहिला. शेड जाणार. ट्रॅक्टर जाणार. आणि उद्या कुणी फाटकाशी येऊन विचारलं तर आत दाजींची शीळ ऐकू येणार, आणि आपण अँगल कापत बसणार. त्या रात्री तो बायकोशीही धड बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी रोटरच्या दांड्यावरचं जुनं ग्रीस पुसायचं काम त्याच्याकडे आलं. तो चिंधीनं एकेक खाच साफ करू लागला. साफ करता करता त्याचा हात थांबला. खाचा एकाच अंगानं झिजल्या होत्या. प्रत्येक खाचेची एक बाजू घासून चकाकत होती आणि दुसरी कोरी होती. म्हणजे इतकी वर्षं या दांड्याला एकाच बाजूनं ढकललेलं होतं. मशीन त्याच बाजूला फिरण्यासाठी बनलं होतं.

दुपारी सगळे आडवे झाल्यावर दादा हळूच शेडमध्ये गेला. त्यानं ट्रॅक्टर चालू केला, पीटीओ सुरू करायची दांडी ओढली आणि मागे जाऊन उकिडवा बसला. पीटीओ फिरत होता. नेमका उलट्या बाजूला.

त्यानं ट्रॅक्टर बंद केला आणि तिथेच बसून राहिला. आता त्याला कळलं की सगळं कसं होणार. सांगाडा सुरेख होणार, पिना बसणार, रोटर उचलला जाणार, आणि मातीत टेकवल्यावर पाती उलटी फिरणार. धारेऐवजी पाठ मातीवर आपटणार. यावर उपाय होता. गिअरबॉक्स उघडायचा आणि आतला क्राऊन, म्हणजे मोठं दात्यांचं चाक, काढून पलीकडच्या बाजूला बसवायचा. मग फिरणं सुलट होतं. दादानं तो गिअरबॉक्स दोनदा उघडलेला होता, तो डोळे मिटून करू शकला असता. दाजींनी कारखान्यात आयुष्यभर एकाच कंपनीच्या मोटरीवर एकाच जातीचे पंप बसवले. बाजू बघायची त्यांना कधी गरजच पडली नव्हती.

दादाच्या छातीत काहीतरी गोड गोड व्हायला लागलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. खोट सापडली होती, आणि तीही अशी की सगळ्यांच्या देखत, आबांच्या खुर्चीसमोर उघडी पडणार.

त्या संध्याकाळी त्यानं दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. बायको बघत होती.

"आज काय विशेष?"

"काही नाही. काम होत आलं ना."

"मग परवा लावणी धरायची ना नक्की? रोपं आता थांबत नाहीत हो. खालची पानं पिवळी पडायला लागलीत. मी पहिला वाफा उपटून ठेवीन म्हणते सकाळीच."

दादानं ताटातली भाकरी मोडायला घेतली. "बघ तुला काय करायचं ते," तो म्हणाला.

वेल्डिंगच्या आधी दाजींनी सगळं नुसतं टाचून उभं केलं. दोन पट्ट्या गिअरबॉक्सच्या झाकणावरून आडव्या जात होत्या. त्या एकदा पक्क्या झाल्या की झाकण उघडणार नव्हतं, सांगाडा कापावा लागला असता. दादाची बायको तेवढ्यात पाण्याचा तांब्या घेऊन आली. दाजींनी पाणी प्यायलं, तोंड पुसलं आणि दादाकडे वळले.

"दादा, एकदा नीट बघून घ्या. हे मशीन तुम्ही हाताळलंय, मी काल आलेला माणूस. यात माझ्या नजरेतून काही राहिलंय का?"

आबा खुर्चीवर नव्हते, आत पडले होते. दादाला वाटलं, आता सांगावं. नुसतं एक वाक्य. पण मग काय होणार? दाजी म्हणणार, वा, बरं झालं सांगितलंत. झाकण उघडून दुरुस्त करणार. आणि आबा आले की शाबासकी दाजींना. दादानं सांगाड्याभोवती एक फेरी मारली, पट्टीवरून हात फिरवला.

"काही नाही," तो म्हणाला. "बरोबर आहे सगळं."

"नक्की?"

"नक्की."

दाजींनी काळी काच डोळ्यांपुढे धरली आणि ठिणग्या उडाल्या. बायको रिकामा तांब्या घेऊन जराशी रेंगाळली, मग गेली.

चाचणीच्या सकाळी शेजारी फुलशेती करणारा फुलवाला आला. त्याचेही वाफे अडले होते. त्याच्यामागून आणखी चार जण आले. आबांनी स्वच्छ सदरा घातला होता. बेबी ओट्यावर उभी होती. पलीकडे झाडाखाली दादाच्या बायकोनं पहाटेच उपटलेल्या रोपांच्या जुड्या ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवल्या होत्या, आणि ती पदर खोचून तयार होती. माती मऊ झाली रे झाली की ती मागून लावत जाणार होती.

लाल रंग दिलेला सांगाडा, त्यात रोटर, ट्रॅक्टरमागे डौलात उचललेला. बघणाऱ्यांनी माना डोलावल्या.

"बसा दादा," दाजी म्हणाले. "पहिली फेरी तुमची."

"छे छे. ज्याचं काम त्यानंच दाखवावं," दादा म्हणाला, आणि हे त्यानं इतक्या गोड आवाजात म्हटलं की बेबी कौतुकानं त्याच्याकडे बघायला लागली.

दाजी चढले. ट्रॅक्टर दोन ओळींमध्ये शिरला. दाजींनी पीटीओ सुरू केला आणि रोटर हळूहळू खाली सोडला. पाती मातीला लागली मात्र, ट्रॅक्टरला मागून कुणी तरी धरून ओढल्यासारखा धक्का बसला. पात्यांच्या पाठी जमिनीवर धाडधाड आपटायला लागल्या. रोटर उडायचा, पडायचा, पुन्हा उडायचा. ढेकळं मागे पडायच्या ऐवजी पुढे उडून दाजींच्याच पाठीवर, मानेवर बसू लागली. एक ढेकूळ त्यांच्या टोपीवर आलं आणि टोपी उडाली. फुलवाल्याला हसू आवरलं नाही.

"अहो, हे शेत नांगरतंय की ड्रायव्हरला पुरतंय?" तो म्हणाला, आणि सगळे हसले.

दाजींनी रोटर उचलला, इंजिन बंद केलं. खाली उतरले तेव्हा त्यांचा चेहरा मातीनं माखला होता. जमिनीवर नुसते ओरखडे होते. ते मागे जाऊन खाली वाकले, पाती हातानं फिरवून पाहिली, मग एकदम कपाळावर हात मारला. "उलटं फिरतंय," ते म्हणाले. "मी बाजू बघितलीच नाही. आबा, चूक झाली माझी."

दादा श्वास रोखून आबांकडे बघत होता. या क्षणासाठी तो जगला होता. आता आबांची जीभ सुटणार. गाढव, ढिम्म, डोळे घरी ठेवून आलेला, सगळी नावं आज दुसऱ्या कुणाच्या अंगावर पडणार होती, आणि ती ऐकायला चार लोकही हजर होते.

आबा काठी टेकत पुढे गेले. त्यांनी थरथरत्या हातानं दाजींच्या खांद्यावरची माती झटकली.

"असं होतंच हो, जावईबापू. नवं काम कुणाला एका दमात जमलंय? तुम्ही आधी तोंड धुवा. बेबी, पाणी आण गं."

दादाला वाटलं, आपल्या कानात काहीतरी बिघडलंय. एकदा पट्टा जरा सैल बसवला म्हणून याच माणसानं त्याच्या अंगावर तेलाचा डबा फेकला होता. अख्खा हंगाम त्याला मजुरांसमोर 'सैलोबा' म्हणून हाक मारली होती. आणि आज अख्खं काम उलटं झालं तर खांद्यावरची माती झटकतात?

"मला माहीत होतं!" तो ओरडला. "उलटं फिरणार हे मला आधीच माहीत होतं. खाचा बघून कळलं होतं मला. पीटीओ चालवून बघितला होता मी!"

सगळे त्याच्याकडे वळले. फुलवाल्याचं हसू मावळलं.

"माहीत होतं?" आबा सावकाश म्हणाले. "मग बोलला का नाहीस?"

"मला कधी कुणी विचारलं का? या घरात मला कुणी काही विचारतं का? ट्रॅक्टरला रोटर जोडू हे आधी मी म्हटलं होतं. मी! तेव्हा म्हणालात, गप जेव. त्यांनी म्हटलं की डोकं, मी म्हटलं की खेळणं. मग कशाला बोलू मी? कुणी विचारलं होतं मला?"

दाजी ओणवे होऊन पिन काढत होते. त्यांनी मान वर केली, दादाकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा पिनेशी झटू लागले.

"विचारलं होतं."

आवाज झाडाखालून आला. दादाची बायको रोपांपाशी उभी होती. पोतं तिनं उघडलं होतं, एक जुडी तिच्या हातात होती.

"दाजींनी विचारलं होतं तुम्हाला. वेल्डिंगच्या आधी. मी पाणी घेऊन आले होते, माझ्यासमोर विचारलं. दोनदा. तुम्ही म्हणालात, बरोबर आहे." तिनं हातातली जुडी पोत्यावर ठेवली. "मी पहाटे उठून वाफा उपटला. तुम्ही बघत होतात मला उपटताना. तेव्हा तरी सांगायचं."

फुलवाला आणि बाकीचे लोक आपापल्या चपला बघत हळूहळू निघून गेले. आबा कितीतरी वेळ दादाकडे पाहत राहिले. दादा वाट बघत होता. काठी उगारतील, शिव्या देतील, काहीतरी करतील. आबांनी काहीच केलं नाही. ते वळले आणि घरात जाऊन आडवे झाले.

सांगाडा दादानंच कापला. दाजींनी त्याच्या हातात ग्राइंडर दिला आणि स्वतः पट्टी धरून उभे राहिले. झाकण निघालं, जुनं काळं तेल परातीत ओतलं, क्राऊन बाहेर आला. "आता पलीकडून ना?" दाजींनी विचारलं. "हो. आधी तो वॉशर द्या," दादा म्हणाला. दाजींनी वॉशर दिला. त्या दिवशी दाजींनी शीळ घातली नाही. दादाला कितीदा वाटलं की माफी मागावी, शब्द ओठापर्यंत यायचे, आणि तो म्हणायचा, पाना द्या, कापड द्या, जरा इकडे धरा.

दुसऱ्या दिवशी पट्ट्या पुन्हा वेल्ड करून उन्हं कलताना दोघांनीच रोटर मातीत टेकवला. पाती सुलट फिरली. काळी भुसभुशीत माती मागे पसरत गेली. दाजी एवढंच म्हणाले, "झकास." आबा बघायला बाहेर आले नव्हते. उपटलेल्या रोपांच्या जुड्या तोवर काळ्या पडून लगदा झाल्या होत्या. बायकोनं त्या उकिरड्यावर नेऊन टाकल्या. वाफ्यात जी उरली होती तीच आता लावायची.

बेबी आणि दाजी निघाले तेव्हा आबांनी त्यांना थांबण्याचा खूप आग्रह केला. "नाही आबा," दाजी म्हणाले, "मित्राचं वर्कशॉप आहे, तिथे होईल काहीतरी. इथे दादा आहेत." बेबी दादाशी बोलली नाही. फाटकाबाहेर गेल्यावर ती एकदा वळली, पण वहिनीला हात करण्यासाठी.

मग दादानं एकट्यानं बाग नांगरायला घेतली. ओळीमागून ओळ. मागून बायको खुरप्यानं खळगा करायची, रोप ठेवायची, माती दाबायची. ती बोलायची ते कामापुरतं. आबांचं काही असलं तर तिच्यामार्फत यायचं. 'डिझेल आणायला सांग.' 'त्या कोपऱ्यात पाइप आहे म्हणावं.'

शेवटच्या ओळीत होता तेव्हा त्याला आबा येताना दिसले. सावकाश, काठी टेकत, नांगरलेल्या मातीतून. दादानं ट्रॅक्टर थांबवला, इंजिन बंद केलं. आबा खाली वाकले, त्यांनी मनगटापर्यंत हात मातीत खुपसला, खोली पाहिली, मूठभर माती वर काढून चुरली. हात थरथरत असल्यामुळे ती आपोआपच बोटांतून गळत होती.

"चांगलं झालंय," आबा म्हणाले. "तुम्ही मनापासून काम केलंत."

दादानं मागे वळून पाहिलं. दाजी परत आले की काय? मागे कुणी नव्हतं. नांगरलेली ओळ होती आणि टोकाला पाठमोरी बसलेली बायको.

"सूनबाईकडे शेडची किल्ली दिली आहे," आबा पुढे म्हणाले. आवाज शांत होता, फाटकाशी आलेल्या माणसाशी बोलावं तसा. "इथून पुढे शेड तुम्ही सांभाळा. फुलवाला विचारत होता, त्याला कधी जायचं ते तुमचं तुम्ही ठरवा."

इतकी वर्षं ज्याच्यासाठी जीव जळला ते सगळं त्याच्या पदरात पडलं होतं. शेड, किल्ली, शाबासकी. आणि तो 'तुम्ही'.

"आबा, मला तुम्ही काय म्हणताय?" तो कसाबसा हसत म्हणाला.

आबांनी ऐकलं की नाही कळलं नाही. ते हातावरची माती झटकत होते.

दादानं चावी फिरवली. पीटीओ चालू ठेवूनच त्यानं रोटर उचलणारा लिफ्टचा दांडा खस्सकन वर ओढला. असं केलं की शाफ्ट तिरका होऊन जॉइंट कडाकडा वाजतो, तुटायलाही येतो. लहानपणी एकदा त्याच्या हातून असं झालं होतं तेव्हा आबांनी त्याला चपलेनं बडवत बांधापर्यंत नेलं होतं. जॉइंट वाजू लागला. लिंबावरचे पक्षी उडाले. टोकाला बायको दचकून उभी राहिली. रोटर हवेत उचललेला, पाती मोकळीच गरगरत होती, आणि दादा सीटवर बसून मान वळवून आबांच्या तोंडाकडे बघत राहिला. बोला. गाढव म्हणा. काठी फेकून मारा.

आबा दोन पावलं बाजूला झाले, त्याला जायला वाट करून दिली.

"आधी जेवून घ्या," ते म्हणाले. "सूनबाई थांबल्यात तुमच्यासाठी." आणि काठी टेकत घराकडे चालू लागले.